सँडल शिवणारा रँग्लर: एडवर्ड कार्पेंटरला किती गांभीर्याने घ्यायचं?

पायवाट (धागालेखक)

'हिंद स्वराज'च्या शेवटी गांधींनी वाचकांसाठी पुस्तकांची यादी दिलीय. त्यात कोण कोण आहे विचारलं तर टॉलस्टॉय, रस्किन, थोरो पटकन येतात. दादाभाई आणि रमेशचंद्र दत्त जरा डोकं खाजवून. कार्पेंटरचं नाव कुणी घेत नाही. मीही घेतलं नसतं. दोनेक वर्षांपूर्वी फाउंटनच्या फुटपाथवर 'सिव्हिलायझेशन: इट्स कॉज अँड क्युअर' नावाचं जुनाट पुस्तक मिळालं, घरी येऊन यादी पुन्हा उघडली, तेव्हा ट्यूब पेटली. सुधारणा (म्हणजे सिव्हिलायझेशन) हा एक रोग आहे असं एका थोर इंग्रज लेखकाने म्हटलंय, असं गांधी ज्याच्या हवाल्याने सांगतात, तोच हा.

ओळख थोडक्यात. एडवर्ड कार्पेंटर, जन्म १८४४, ब्रायटनला लागून असलेल्या होव्हचा. घर खाऊनपिऊन सुखी, नोकरचाकर, बहिणींना दिवसभर पियानो आणि पाहुणे यापलीकडे काम नाही. केंब्रिजला गणित, १८६८ चा दहावा रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात दहावा. (रँग्लर म्हटलं की आपल्याकडे परांजपेच. ते १८९९ चे, आणि पहिले.) मग कॉलेजची फेलोशिप, १८७० मध्ये पाद्र्याची दीक्षा. चार वर्षांत दोन्ही सोडलं. उत्तरेत लीड्स, शेफिल्ड भागात गावोगाव व्याख्यानं देत फिरला. १८८२ मध्ये वडील गेले, वाट्याला सहा हजार पौंडांच्या आसपास आले. त्यातून डर्बीशरमधल्या मिलथॉर्पला सात एकर जमीन घेतली, घर बांधलं, भाजीपाला लावला. शाकाहारी झाला. 'टुवर्ड्स डेमोक्रसी' ही अमेरिकन कवी व्हिटमनच्या वळणाची लांबलचक कविता १८८३ पासून लिहीतच राहिला.

आणि सँडल. हॅरल्ड कॉक्स नावाचा त्याचा मित्र हिंदुस्थानात मास्तरकी करायला आला होता. त्याने काश्मिरी सँडलचा जोड पाठवला. कार्पेंटरने तो उसवून पाहिला, कापणी शिकला आणि स्वतः शिवून विकायला लागला. बुटांना तो चामड्याच्या शवपेट्या म्हणायचा. एका निबंधात त्याने सभ्य इंग्रज गृहस्थाच्या अंगावरचे थर मोजलेत: आतली बंडी, सदरा, वेस्टकोट, कोट, ओव्हरकोट, प्रत्येकाचं अस्तर धरून अकरा. माणूस आणि देव यांच्यामध्ये अकरा थर, असं त्याचं म्हणणं.

इथवर वाचून वाटेल की हा एक गोड विक्षिप्त म्हातारा. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. हा माणूस १८९८ पासून जॉर्ज मेरिल या शेफिल्डच्या झोपडवस्तीत वाढलेल्या पुरुषाबरोबर एका छपराखाली, उघडपणे, मेरिलच्या मरणापर्यंत राहिला. पुरुषांमधल्या खासगीतल्या संबंधांनासुद्धा दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८५ पासून होता. त्या कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड १८९५ मध्ये आत गेला. त्याआधी काही महिने कार्पेंटरने समलिंगी प्रेमावर पत्रिका छापून घेतली होती. वाइल्डवरच्या खटल्याने घाबरून त्याच्या लंडनच्या प्रकाशकाने 'लव्ह्ज कमिंग ऑफ एज'चा करार मोडला, तर त्याने ते १८९६ मध्ये मँचेस्टरच्या कामगार छापखान्यातून काढलं. १९०८ मध्ये 'द इंटरमीजिएट सेक्स' आलं, खुल्या बाजारात.

माझं म्हणणं असं. आपण कार्पेंटरला गांधींच्या यादीत ठेवून दिलं ते अर्धंच. रोग घेतला, औषध ठेवून दिलं. कार्पेंटरच्या मते सुधारणेने माणसाचं पहिलं नुकसान केलं ते शरीराची लाज वाटायला लावून. गांधींनी त्याच्याकडून यंत्रावरची, डॉक्टरांवरची टीका उचलली आणि शरीराच्या बाबतीत थेट उलट्या दिशेला गेले. तो लेखक म्हणून मध्यम होता हे मीच कबूल करतो, ती कविता सलग वाचवत नाही. पण तो जसा जगला तेच त्याचं मुख्य लेखन, आणि ते पहिल्या दर्जाचं आहे.

फोडा आता.

हिशेबनीस

लेख आवडला, माणूस नाही.

सहा हजार पौंड त्या काळात म्हणजे काय, याचा अंदाज द्या की. वडिलांचे पैसे शेअर्समध्ये होते, त्यात अमेरिकन रेल्वे कंपन्या होत्या. म्हणजे तिकडे कुणीतरी खडी फोडतंय, इकडे लाभांश येतोय, आणि साहेब कोबी लावून 'साधी राहणी'वर निबंध लिहितायत. त्याच निबंधांत, 'इंग्लंड्स आयडियल'मध्ये, दुसऱ्याच्या श्रमावर जगणं ही अप्रामाणिकता आहे असं ठणकावून सांगतो. आमच्या गावाकडे म्हणतात, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

सात एकरांवर खऱ्या शेतकऱ्याचं घर चाललं असतं का? शेती बुडाली तरी ज्याचं जेवण चुकत नाही, त्याची शेती हा छंद असतो.

पायवाट

लाभांशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो हे लपवत नव्हता आणि पैसा नुसता गादीखालीही ठेवला नव्हता. १८८४ मध्ये हिंडमनचं 'जस्टिस' हे समाजवादी साप्ताहिक निघालं, त्याला ३०० पौंड कार्पेंटरने दिले. शेफिल्डला १८८७ मध्ये स्कॉटलंड स्ट्रीटवर तिथल्या समाजवाद्यांनी कॅफे काढला, व्याख्यानं, चहा, गाणी. तिथे हा स्वतः वरच्या माळ्यावर राहिलाय. मिलथॉर्पच्या घरातही तो एकटा नव्हता. आधी फिअर्नहॉ नावाच्या विळे बनवणाऱ्या कामगाराचं कुटुंब, मग अ‍ॅडम्स कुटुंब. पैसेवाला समाजवादी दोन प्रकारे वागू शकतो. हा बऱ्या प्रकारातला.

हिशेबनीस

सहा हजारातले तीनशे. पाच टक्के. आमच्याकडे याहून जास्त ब्रोकरेज जातं.

तिखटमीठ

ऑर्वेलने १९३७ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलंय. फळांचे रस पिणारे, नागवे हिंडणारे, सँडलवाले, निसर्गोपचारवाले भोंदू, सगळे समाजवादाकडे लोहचुंबकासारखे ओढले जातात आणि साधा कामगार त्यांना बघून पळ काढतो. कार्पेंटरचं नाव घेतलं नाही, पण सँडल कुणाच्या हे समजायला रँग्लर व्हावं लागत नाही.

(कुणाकडे मिलथॉर्पच्या घराचा फोटो असेल तर टाका.)

पायवाट

@तिखटमीठ, साधा कामगार पळून जातो हे ऑर्वेलचं मत, पुरावा वेगळं सांगतो. 'इंग्लंड, अराइज' हे कार्पेंटरचं १८८६ चं गाणं कामगारांच्या सभांमध्ये वर्षानुवर्षं गायलं गेलं. १९२४ मध्ये त्याला ऐंशी पूर्ण झाली तेव्हा मॅकडोनाल्डच्या मजूर मंत्रिमंडळातल्या सगळ्यांच्या सह्यांचं अभिनंदनपत्र गेलं. त्यातले निम्मे खाणीतून आणि गिरणीतून आलेले लोक होते असं म्हणायचा मोह होतोय, पण मोजलेले नाहीत, म्हणून 'बरेचसे'.

आणि शेफिल्डच्या धुराविरुद्ध त्याने १८८९ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं होतं. टेकडीवरून खाली बघितलं की गाव दिसत नाही, नुसता काळा ढग, आणि त्यात माणसं राहतात. हा काही सँडलवाल्यांचा खासगी प्रश्न नव्हता. त्या ढगात कामगारच होता.

निवृत्त_मास्तर

नमस्कार. जरा उशिरा लिहितो आहे, नातवाची परीक्षा चालू होती.

धागालेखकाने एका महत्त्वाच्या अंगाला हातच लावलेला नाही, आणि दुसऱ्याला प्रमाणाबाहेर मोठं केलं आहे, असं माझं नम्र मत. केंब्रिजमध्ये कार्पेंटरची मैत्री पोन्नंबलम अरुणाचलम या सिलोनच्या तमिळ विद्यार्थ्याशी झाली. पुढे त्यांनीच त्याला भगवद्गीता पाठवली. १८९० च्या अखेरीस कार्पेंटर सिलोनला गेला तो त्यांच्याच बोलावण्यावरून. तिथे रामस्वामी नावाच्या एका ज्ञानी पुरुषापाशी कित्येक आठवडे रोज जाऊन बसला. विचार थांबवता येतो, 'मी'पणा शरीराच्या कातडीशी संपत नाही, हे तो तिथे शिकला. मग दक्षिणेतून, कलकत्ता वगैरे करून मुंबईला आला. १८९२ च्या प्रवासपुस्तकाचं नावच 'फ्रॉम अ‍ॅडम्स पीक टू एलिफंटा'. म्हणजे आपली घारापुरी. तिथल्या त्रिमूर्तीसमोर उभा राहिलेला हा माणूस साम्राज्याचा साहेब नव्हता. अँग्लो-इंडियन (म्हणजे तेव्हा इथे राहणाऱ्या इंग्रज) लोकांची तुसडी वागणूक त्याने त्याच पुस्तकात सडकून लिहिली आहे.

असा साधक. त्याच्या खासगी आयुष्यावर इतका प्रकाश टाकण्याची गरज काय? गांधींनी ते घेतलं नाही, कारण ते घेण्यासारखं सार्वजनिक नव्हतंच.

पायवाट

मास्तर, अरुणाचलम राहिले हे खरंच, चूक माझी. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

पण 'खासगी' या शब्दावर अडतो. त्याने यावर चार चार पुस्तकं छापली. माणूस स्वतः चव्हाट्यावर आणून ठेवतो ते आपण उचलून माजघरात नेऊन ठेवायचं, हा कुठला आदर? गांधींनी काय वाचलं होतं, काय नव्हतं, त्यावर मी काही म्हणत नाही. पण मुंबई सरकारने १९१० मध्ये 'हिंद स्वराज' जप्त केलं, आणि कार्पेंटरचं पुस्तक काही वर्षं आधी प्रकाशकाने घाबरून टाकलं, या दोन्ही घटना एकाच भीतीच्या आहेत असं मला वाटतं.

निवृत्त_मास्तर

एकाच भीतीच्या नाहीत. एक राजद्रोहाची, दुसरी अब्रूची. सरकारला पहिली समजते, दुसरी बाजारपेठेला. असो. बाकी 'माजघर' टोला लागला.

रातराणी

मला तिसरंच बोचतंय.

मेरिलबद्दल तुम्ही लिहिलंत 'बरोबर राहिला'. काय करत होता तो त्या घरात? स्वयंपाक, झाडलोट, कपडे, आल्यागेल्याचं चहापाणी. आणि आलेगेले काही थोडे नव्हते, अर्ध्या युरोपातून माणसं उठून मिलथॉर्पला जायची. कार्पेंटर बागेतल्या खोपटात बसून लोकशाहीवर कविता लिहितोय आणि आत कोणीतरी भांडी घासतंय. हे चित्र मी कुठेतरी पाहिलंय. आमच्या घरी पाहिलंय, काकांच्या घरी पाहिलंय, पुरोगामी चळवळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरी पाहिलंय. फक्त तिथे आत बाई असते.

'लव्ह्ज कमिंग ऑफ एज'मध्ये बायकांच्या घरकामाच्या गुलामीवर त्याने पानंच्या पानं लिहिलीत, ती चांगली आहेत. बहिणींना रिकामं बसलेलं पाहून आलेला राग त्यात आहे. पण तोच माणूस बाई ही निसर्गाच्या जास्त जवळची, भावनेने चालणारी, असंही लिहून जातो. मग वर प्रश्न तोच, जॉर्जच्या वाट्याला लोकशाही कधी आली?

हिशेबनीस

ताई, एकदम कडक. आणि मेरिल झोपडवस्तीतला, हा केंब्रिजचा. मालक-नोकर नातं प्रेमाच्या चादरीखाली झाकलंय, इतकंच.

खडीसाखर

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. चालू द्या.

पायवाट

@रातराणी, या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे ते देतो.

मेरिल काही मुका बसणारा गडी नव्हता. त्याच्याबद्दलचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. कुणीतरी सांगत होतं की येशूने शेवटची रात्र गेथसेमनीला घालवली, तर मेरिलने निरागसपणे विचारलं, "कुणाबरोबर?" कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१३ मध्ये तिथे गेला होता. मेरिलने जाता जाता त्याच्या पाठीला, कंबरेच्या जरा खाली, हलकेच हात लावला. फॉर्स्टरने पुढे लिहिलंय की पडलेल्या दाताची जागा जशी लक्षात राहते तसा तो स्पर्श लक्षात राहिला, आणि त्यातून 'मॉरिस' ही कादंबरी सुचली. छापली मात्र गेली थेट १९७१ मध्ये, फॉर्स्टर वारल्यावर. तेव्हा त्या घरातलं सगळं सर्जन बागेतल्या खोपटातच होत होतं असं नाही.

भांडी घासण्याचा मुद्दा तरीही उभाच राहतो, कळतंय मला.

तिखटमीठ

बाईच्या पाठीला असा न विचारता हात लावला असता तर हाच किस्सा तुम्ही एवढ्या कौतुकाने सांगितला असतात का? सहज विचारतोय.

पायवाट

नसता सांगितला. बरोबर आहे.

नावात_काय

पाच-सहा वर्षांनी लॉगिन करतोय, पासवर्ड आठवायला वेळ लागला.

रातराणी यांचा प्रश्न खरा आहे, पण मला तो दुसऱ्या टोकाकडून दिसतो. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये दोन पुरुष एका घरात राहतात म्हटल्यावर गाव विचारणारच, हा कोण? त्याला एक उत्तर असं होतं ज्यावर कुणाची भुवई उडत नसे: साहेब आणि त्यांचा गडी. कार्पेंटर तुरुंगात का गेला नाही याची कारणं शोधताना लोक त्याचा वर्ग सांगतात, खेडं सांगतात, त्याची सोवळी भाषा सांगतात. (तो 'होमोजेनिक' असला स्वतः घडवलेला ग्रीक शब्द वापरायचा, वाचून पोलीस शिपायाला झोप यावी.) मला वाटतं मेरिलच्या हातातला झाडू हेही एक कारण होतं. ते काम त्याच्या वाट्याला आलं हा अन्याय असेल. पण त्या झाडूच्या आड दोघे लपू शकत होते.

आणि तेही पुरतं लपता आलं नाहीच. १९०९ च्या सुमारास ओब्रायन नावाच्या एका गृहस्थाने या प्रेमाची 'पोल खोलणारं' पत्रक छापून आसपासच्या गावांत वाटलं. म्हणजे सकाळी दार उघडायचं तर शेजाऱ्याच्या हातात आपल्याबद्दलचा कागद. कार्पेंटर गाव सोडून गेला नाही. त्यानंतरही तेराएक वर्षं तिथेच राहिला. १९२२ मध्ये दोघे गिल्डफर्डला गेले.

आता माझं. मी पुण्यात राहतो. आम्ही दोघे बावीस वर्षं एका फ्लॅटमध्ये आहोत. फ्लॅट माझ्या नावावर. तो स्वयंपाक करतो, कारण मी केलेला वरणभात त्याच्याच्याने खाववत नाही. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये २००३ साली त्याच्या नावापुढे 'भाडेकरू' लिहिलं गेलं. तेव्हा मीच सेक्रेटरींना तसं सांगितलं होतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं. मग २०१८ आलं, सप्टेंबरची सहा तारीख, पेढे वाटले, घरातल्या घरात. रजिस्टरमध्ये अजूनही 'भाडेकरू'च आहे. भाडेकरू म्हणून जादा नॉन-ऑक्युपन्सी चार्जही कित्येक वर्षं भरला, हसू नका. तेव्हा कुणी मला 'मालक आणि नोकर, प्रेमाच्या चादरीखाली' असं म्हटलं तर राग येत नाही, फक्त वाटतं की या माणसाला रजिस्टरं भरायची वेळ आली नाही.

हिशेबनीस

@नावात_काय, माझं वाक्य तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. चादरीबद्दलचा शब्द मागे घेतो.

लाभांशाबद्दलचा घेत नाही.

रातराणी

तुमचा झाडूचा मुद्दा मला पटला आणि पटला नाही. आड लपायला झाडू होता हे पटलं. पण दरवेळी झाडू एकाच्याच हातात असतो, तो बदलत नाही, त्याचं काय? उद्या लपायची गरज संपल्यावर तो दुसऱ्याच्या हातात जाईल का? कार्पेंटरकडे तशी वेळच आली नाही, म्हणून त्याला संशयाचा फायदा देते. तुमचा वरणभात सुधारा मात्र.

नावात_काय

प्रयत्न चालू आहेत. हिंगाचं प्रमाण चुकतं.

निवृत्त_मास्तर

मी वर 'सार्वजनिक नव्हतंच' असं लिहिलं. श्री. नावात_काय यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. शब्द परत घेत नाही, पण आता तो मला आधीइतका सोपा वाटत नाही, एवढं नोंदवतो.

आणखी एक. महाराष्ट्रात हा विषय सार्वजनिक करणारे रघुनाथराव कर्वे होते, तेही गणिताचेच प्राध्यापक. मी विद्यार्थीदशेत 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक चोरून वाचलेले आहेत, आज कबूल करायला हरकत नाही. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून तो खटला होता आणि त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. बाबासाहेबांनी कोर्टात हेवलॉक एलिस या लैंगिकतेच्या इंग्रज अभ्यासकाच्या ग्रंथांचा आधार घेतला. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

पायवाट

मास्तर, तुम्ही नकळत माझ्या पारड्यात धोंडा टाकलात.

हेवलॉक एलिस हा कार्पेंटरचा जवळचा मित्र. एलिसचं 'सेक्शुअल इन्व्हर्जन' १८९७ मध्ये इंग्रजीत आलं, त्यात अशा पुरुषांनी स्वतःबद्दल लिहून दिलेल्या हकिकती आहेत, नावं गाळून. त्यातली एक कार्पेंटरची आहे. लहानपणापासून काय वाटत आलं, कशाची भीती वाटली, कशाने बरं वाटलं, हे त्याने स्वतः लिहून एलिसला दिलं. आयुष्यभर जपलेली इभ्रत एका मित्राच्या टेबलावर ठेवणं, तेही अशा काळात जेव्हा त्या पुस्तकाची एक प्रत विकल्याबद्दल १८९८ मध्ये लंडनच्या एका माणसावर खटला झाला. अशा हकिकतींवरून एलिस म्हणाला की ही प्रवृत्ती जन्मजात असते, विकृती नव्हे. आणि तो एलिस १९३४ मध्ये मुंबईच्या कोर्टात आंबेडकरांच्या तोंडून बोलला.

बाबासाहेबांना कार्पेंटर माहीत होता असं मी म्हणत नाही. तशी गरजही नाही. मिलथॉर्पच्या माणसाने लिहून दिलेली दोन-चार पानं नाव न सांगता तिथवर पोचली, एवढंच. गांधींच्या यादीत त्याचं नाव आहे, या खटल्यात नाही. आणि तरी दुसरीकडे त्याचं जास्त काम झालं.

हिशेबनीस

हे माहीत नव्हतं. एलिसची साखळी मला मान्य.

पण एक सांगा, ही साखळी कार्पेंटरच्या 'जगण्याने' पुढे गेली की 'लिहिण्याने'? धाग्यात वर तुम्ही म्हणालात की तो लेखक मध्यम, जगणं पहिल्या दर्जाचं. आता मुंबईपर्यंत पोचलं ते लिहिलेलंच. म्हणजे तुमचं मुख्य वाक्य तुम्हीच खोडलंत. जमाखर्च बरोबर मांडा.

पायवाट

च्यायला. पकडलंत.

सावरून बघतो. लिहिलेलं होतं ते जगण्याचंच टिपण होतं. त्याने तत्त्वज्ञान म्हणून जे सजवून लिहिलं ते आज वाचवत नाही. 'सुधारणा हा रोग' हा सिद्धांत फेबियन मंडळींसमोर (इंग्लंडमधल्या समाजवाद्यांची एक संस्था) १८८९ मध्ये वाचला तेव्हाच त्यांनी सोलून काढला होता आणि त्यात त्यांचं बरंचसं बरोबर होतं. आदिम माणूस निरोगी होता वगैरे भाबडेपणा आहे. बोअर युद्धाच्या वेळच्या पत्रकात ज्यूंबद्दल त्याने जे लिहिलं ते तर लाजिरवाणं आहे, आणि तो कितीही आवडला तरी ते झाकायचं कारण नाही. पण जिथे तो स्वतःच्या अंगावरचं लिहितो, कपड्यांचे थर, बूट, महिन्याचा घरखर्च, किंवा ती निनावी हकिकत, तिथे एकदम जिवंत होतो.

तेव्हा दुरुस्ती: लेखक म्हणून मध्यम, हिशेब लिहिणारा म्हणून उत्तम. तुमच्या आयडीला आवडेल.

तिखटमीठ

शेवट काय झाला त्यांचा? लेखात राहिलं.

पायवाट

मेरिल वयाने बावीसेक वर्षांनी लहान, पण आधी गेला, जानेवारी १९२८ मध्ये. कार्पेंटर त्यातून उठलाच नाही. काही महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. २८ जून १९२९ ला वारला. गिल्डफर्डच्या माउंट सिमेट्रीत दोघांना एकाच जागी पुरलंय. त्या दगडासाठी कुणाला काय नातं सांगावं लागलं असेल, कल्पना नाही.

नावात_काय

आमच्याकडे वैकुंठ स्मशानभूमीत पावतीवर 'नाते' असा रकाना असतो. वडिलांच्या वेळी भरला होता.

खडीसाखर

पॉपकॉर्न कधीच संपलं. वाचनखूण साठवलीय.

सुरुवात कशाने करू ते सांगा कुणीतरी. ती लांब कविता नको.

पायवाट

कविता खरंच नको. 'इंग्लंड्स आयडियल'मधला राहणी साधी करण्यावरचा निबंध घ्या. तासाभरात होतो. त्यात बाग, खर्च, भाजी सगळं आहे, आणि ते अकरा थर. आवडलं तर 'माय डेज अँड ड्रीम्स' हे १९१६ चं आत्मचरित्र. मेरिलबद्दल त्यात जपून लिहिलंय, पण लिहिलंय. चरित्र हवं तर शीला रोबॉथमचं, २००८ चं, जाडजूड आहे आणि हिशेबनीसांचे सगळे आक्षेप त्यात आधीच आहेत.

हिशेबनीस

मग मी वाचायची गरज नाही.

खडीसाखर

निबंध वाचला आत्ताच, नागपुरात, मे महिन्यात, लाइट गेलेली. नवरा समोर बसलाय, त्याचे थर मोजले. त्याच्या आणि देवाच्या मध्ये एक बनियन आहे, तेही भोकं पडलेलं.